फ्रेमबाहेर काय ठेवायचं

करिझ्मा अल्बमची एक शीट 12 बाय 36 इंचांची असते. ती स्क्रीनवर उघडली की पहिला प्रश्न ठरलेला: यात किती फोटो बसतील? बारा वर्षं मी लग्नाचे फोटो काढले आणि अशा शीट लावल्या. एका शीटवर आठ-नऊ फोटो, कोपऱ्यात तयार पीएसडीतली गुलाबाची वेल, मागे फिका करून टाकलेला वधूवरांचाच मोठा चेहरा आणि वर सोनेरी अक्षरांत ‘शुभमंगल’. त्या कामाला मी आजही कमी लेखत नाही. लग्नाचा अल्बम ही आप्तांची हजेरी असते आणि हजेरीतून कुणाचं नाव गाळता येत नाही. एखादी मावशी दिसली नाही तर फोन यायचाच.

पण मला जीव लावून करावंसं वाटायचं ते काम शीट लावण्याच्या आधीचं. चार हजार फोटोंतून अडीचशे निवडायचे. एकाच क्षणाचे सात फोटो शेजारी-शेजारी ठेवायचे, सहा काढून टाकायचे आणि सातवा का राहिला ते स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे. पुढे वेबसाइट करायला लागले तेव्हा कळलं की माझ्या पदरात पडलेली खरी विद्या हीच होती.

तुमच्यापैकी अनेकांच्या हातात कॅमेरा आहे, नजर तयार आहे. मुहूर्त नसलेले महिने मोकळे जातात. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, ‘आमची वेबसाइट करून द्याल का?’ त्या प्रश्नाला हो म्हणण्याआधी काय जवळ आहे, काय नव्याने शिकायचं आहे आणि काय सोडून द्यायचं आहे, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

फोटोवरून डिझाइनकडे जाणारी ही वाट जुनी आहे. बाउहाउस या कलाशाळेत शिकवणाऱ्या लास्लो मोहोली-नॉज यांनी 1925 सालच्या पुस्तकात ‘टायपोफोटो’ हा शब्द वापरला. अक्षर आणि छायाचित्र यांनी मिळून एकच गोष्ट सांगायची, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे दशरथ पटेल चित्रकार होते, कुंभारकाम करायचे, फोटो काढायचे आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत सुरुवातीपासून होते. एका माध्यमात कमावलेली नजर दुसऱ्या माध्यमात नेता येते, याचा त्यांच्याइतका चांगला दाखला मला दुसरा सुचत नाही.

पण मी नवशिक्यांना पहिल्यांदा दाखवते ते एक पोस्टर. स्वित्झर्लंडच्या योझेफ म्यूलर-ब्रॉकमान यांनी 1953 साली तिथल्या ऑटोमोबाइल क्लबसाठी ते केलं. समोर अवाढव्य मोटरसायकल. पलीकडे, पुष्कळ लहान, एक मूल धावतंय. अक्षरांत एवढंच सांगितलंय की मुलाला जपा. रस्ता, झाडं, घरं, पोलिस, आकडेवारी काहीच नाही. मोठं आणि लहान यांतल्या अंतरानेच धोका दाखवला आहे. डिझाइनमध्ये ज्याला मिनिमल म्हणतात ते हे. पांढरा पडदा, बारीक करडी अक्षरं आणि एक उदास खुर्ची म्हणजे मिनिमल नव्हे. सांगायची गोष्ट आधी ठरते. मग तिच्या कामी न येणारं सगळं बाहेर जातं. हा क्रम उलटा केला की रिकामं पान हाती येतं आणि पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

माझी पहिली साइट तांब्याच्या भांड्यांची. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका शेजारी-शेजारी देत जे चकाकते ठसे उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांडं देखणं होतं आणि पत्रा घट्टही होतो. तिथल्या एका काकांच्या भांड्यांचे फोटो काढायचं काम आलं. तांब्यावर समोरून फ्लॅश मारला तर भांड्याचा आरसा होतो आणि त्यात छत्री, स्टँड, मी स्वतः असं सगळं दिसतं. दोन दिवस झटल्यावर मार्ग सापडला. खिडकीचा एका बाजूचा उजेड, खिडकीवर ट्रेसिंग पेपर आणि समोरच्या बाजूला काळा कार्डपेपर. मग प्रत्येक ठोक्याला एक उजळ कड आणि एक काळी कड मिळाली आणि घंगाळावरचे ठसे मोजता येतील असे उठले. फोटो पाहून काका म्हणाले, ‘‘ताई, ती वेबसाइट का काय ती पण तुम्हीच करा.’’

मी केली. पहिल्या पानावर आपोआप सरकणारे पाच फोटो, पडदाभर. माझ्या घरच्या मोठ्या मॉनिटरवर ते इतके सुंदर दिसत होते की मी रात्री उशिरापर्यंत नुसती पाहत बसले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काकांनी त्यांच्या फोनवर पत्ता टाकला. पडदा पांढरा. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. परत पाहिलं. ‘‘ताई, काही दिसत नाहीये अजून.’’ तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी फोन खिशात टाकला. ज्या साइटवर मी महिना घालवला ती तिच्या मालकाने पाहिलीच नाही. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री बसून हिशोब केला, तो तुम्हीही एकदा करून पाहा.

24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000 ठिपके. चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये तो सहज 10 एमबीपर्यंत जातो. काकांच्या गल्लीत सेकंदाला 4 मेगाबिटचं नेटवर्क मिळतंय असं धरा. 10 एमबी म्हणजे 80 मेगाबिट, म्हणजे एका फोटोला 20 सेकंद. पाच फोटोंना पावणेदोन मिनिटांच्या आसपास. आता फोनचा पडदा पाहा. अनेक फोनवर पानाची रुंदी 360 पिक्सेल धरतात. पडदा तिपटीने दाट असला तरी खरे ठिपके 1080 भरतात. म्हणजे पडद्याला लागणाऱ्या ठिपक्यांच्या सुमारे तीस पट माल मी पाठवत होते आणि तो फोनमध्ये उतरून वाया जात होता. तोच फोटो 1080 रुंदीचा करून वेबपी स्वरूपात साठवला की बऱ्याचदा 150 ते 200 केबीत बसतो. त्याच नेटवर्कवर अर्ध्या सेकंदाच्या आत उघडतो.

म्हणून पहिली सवय ही लावा: फोटोचं वजन हा रचनेचाच भाग माना. एकाच फोटोच्या तीन-चार रुंद्या करून ठेवा, म्हणजे 480, 1080, 1600, फार तर 2400. कोणत्या पडद्याला कोणती द्यायची ते ब्राउझर ठरवतो, फक्त ‘सोर्ससेट’मध्ये त्याला यादी द्यावी लागते. पडद्याच्या खाली असलेले फोटो ‘लेझी’ ठेवा, म्हणजे माणूस तिथवर पोचला की मगच ते उतरतात. मात्र सर्वांत वरचा फोटो कधीही लेझी ठेवू नका. तोच आधी यायला हवा. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो येताच खालचा मजकूर दचकून खाली सरकतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. निर्यात करताना रंग एसआरजीबीत घ्या. अडोबी आरजीबीतल्या फोटोचं प्रोफाइल वाटेत गळलं तर तांबं मातकट दिसतं, आणि तांबं मातकट दिसलं तर सगळी मेहनत पाण्यात. मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गुगलने चांगल्या पानासाठी धरलेली मर्यादा आहे. मी ती माझ्या मॉनिटरवर मोजत नाही, साध्या फोनवर वायफाय बंद करून मोजते.

आता जे सोडून द्यायचं आहे त्याबद्दल. आपण फोटोग्राफर चौकटीवर हक्क सांगणारी माणसं. कडेला काय कापलं, वर किती आकाश ठेवलं, हे आपलं असतं आणि कुणी प्रिंट कातरली तर राग येतो. वेबवर चौकट पाहणाऱ्याची असते. कुणी फोन उभा धरतं, कुणी आडवा, कुणी अक्षरं दीडपट मोठी करून वाचतं. फुलफ्रेम कॅमेऱ्याचं प्रमाण 3:2, म्हणजे 360 रुंदीच्या फोनवर आडवा फोटो जेमतेम 240 उंचीचा पट्टा होतो. मॉनिटरवर ज्या घंगाळाने खोली भरून गेल्यासारखी वाटत होती, ते फोनवर वाटीएवढं. इथे फोटो नुसता लहान करून भागत नाही, फोनसाठी वेगळा क्रॉप करावा लागतो. ‘पिक्चर’ या टॅगने रुंद पडद्याला आडवा आणि उभ्या पडद्याला उभा फोटो देता येतो. मी आता शूटिंगच्या वेळीच प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचा एक आडवा आणि एक उभा फोटो घेते आणि वस्तूभोवती थोडी जास्त जागा सोडते. हा फायदा फक्त आपल्याला आहे. नुसत्या डिझायनरला हाती पडेल तो फोटो घ्यावा लागतो, आपण परत जाऊन काढू शकतो.

पडद्याप्रमाणे पान लवचीक ठेवण्याच्या या पद्धतीला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. ईथन मार्कॉट यांनी 2010 साली हे नाव रूढ केलं. माझ्या मते फोटोग्राफरने तिच्याकडे तंत्र म्हणून न पाहता नम्रता म्हणून पाहावं. आपण एकच परिपूर्ण चौकट देत नाही, अनेक चौकटींत तग धरेल अशी मांडणी देतो.

दुसरी सोडायची गोष्ट याहून अवघड आहे. वेबसाइटवर बहुतेक वेळा राजा फोटो नसतो, मजकूर असतो. माणूस पत्ता शोधत येतो, वेळ शोधत येतो, भाव विचारायला येतो. ही गोष्ट मान्य करायला मला दोन वर्षं लागली. ती मान्य झाल्यावर मी अक्षरांकडे वळले आणि तिथे मराठीत काम करणाऱ्याला किती शिकण्यासारखं आहे ते दिसलं.

वेब डिझाइनची बहुतेक पुस्तकं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यातले नियम देवनागरीला जसेच्या तसे लावले की घोटाळे होतात. मिनिमल साइटवर शीर्षकाची अक्षरं सुटी-सुटी ठेवायची फॅशन आहे. देवनागरीत अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्यच ठेवा. हवा हवी असेल तर शब्दाच्या आजूबाजूला द्या. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात. इंग्रजीला अक्षराच्या दीडपट ओळ पुरते, मराठीला मी 1.7 पट देते, कधी 1.8. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या रफारावर चढतो. मूळ मजकूर फोनवर 18 पिक्सेलपेक्षा लहान नको. इंग्रजीतल्या 16 इतकं ते दिसायला बसतं. तिरपी अक्षरं टाळा; ती आपल्या लिपीची जात नाही. ठसा हवा असेल तर वजन वाढवा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. शाळेत आपण ज्यांना पाकळीचा ल आणि देठाचा श म्हणतो ते आपले. काही चांगल्या फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण पान मराठी आहे हे फाँटला सांगावं लागतं. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेच्या जागी मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहिला की अशा फाँटात ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात. दोन अक्षरांचा संकेत, पण आजीला ते पान आपलं वाटतं. अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्याच संकेतावरून मराठी उच्चार निवडतं.

फाँट निवडताना सुंदर नमुन्यावर जाऊ नका. मी एक छोटी यादी करून ठेवली आहे: कुऱ्हाड, वाऱ्यावर, लक्ष्मी, शिल्प, उद्ध्वस्त, कळशी, ॲडव्हान्स, ऑर्डर. प्रत्येक नवा फाँट या शब्दांवर तपासते. ‘ऱ्या’चा अर्धचंद्र नीट आला नाही, ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तर तो फाँट कितीही देखणा असो, मराठीला निरुपयोगी. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बलू विनामूल्य मिळतात, नोटो सान्स देवनागरीही मिळतो. आणि वेळ काढून र. कृ. जोशी यांचं काम पाहा. सुलेखनकार म्हणून हात कमावलेला हा माणूस आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवत होता आणि विंडोजबरोबर आलेला मंगल हा फाँट त्यांनी घडवला. बोरू ते संगणक हा प्रवास ज्यांनी केला, त्यांच्याकडून कॅमेरा ते संगणक हा प्रवास करणाऱ्याने धीर घ्यावा.

रंगाबद्दल थोडक्यात सांगते, पण त्यातली एक गोष्ट मला इतकी आवडते की ती सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिनिमलच्या नावाखाली पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं टाकायची खोड सगळ्यांना लागते. मॉनिटरवर ती मोहक दिसतात आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वाचताच येत नाहीत. किती फिकं चालेल याचं एक जागतिक माप आहे: साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक निदान 4.5 ला 1 हवा. मोजायची रीत अशी. दोन्ही रंगांची उजळता घ्यायची, शुद्ध पांढरा म्हणजे 1, शुद्ध काळा म्हणजे 0. दोन्हींत 0.05 मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचं. आता तुमच्या बॅगेतलं ग्रे कार्ड काढा. ते 18 टक्के उजेड परत फेकतं, म्हणजे त्याची उजळता 0.18. पांढऱ्याचे 1.05, ग्रे कार्डाचे 0.23. भागाकार 4.57. म्हणजे ज्या करड्यावर आपण आयुष्यभर एक्स्पोजर मोजत आलो, तोच करडा पांढऱ्या पानावरच्या अक्षरांसाठी जवळपास शेवटची मर्यादा आहे. त्याहून फिकं गेलात की वाचणारा गळायला लागतो. हे गणित केलं त्या दिवशी मला दोन्ही कामं एकाच घरातली वाटली.

बाकी रंगांचं माझं धोरण सोपं आहे. पार्श्वभूमीला एक, अक्षरांना एक आणि ज्यावर बोट ठेवायचं त्याला एक. तिसरा रंग मी फोटोतूनच उचलते. तांब्याच्या साइटचा रंग घंगाळाच्या सावलीकडच्या काठावरून घेतला. उजळ भागातला नारिंगी पांढऱ्यावर वाचताच येईना.

शिकायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. महागड्या क्लासच्या आधी एचटीएमएल आणि सीएसएस स्वतः हाताने लिहा. ऑटो मोडवर फोटोग्राफी शिकता येत नाही, तसंच तयार टेम्पलेटवर डिझाइन शिकता येत नाही. जगातली पहिली वेबसाइट सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी केली. तिची प्रत आजही उघडून पाहता येते. नुसता मजकूर आणि दुवे. आणि ती आजच्या फोनवर झटकन उघडते. कोरं एचटीएमएल हे असं मजबूत असतं. आपण त्यावर जे चढवतो त्याने ते अडखळतं. पहिले दोन-तीन आठवडे फक्त एचटीएमएल: शीर्षक, परिच्छेद, यादी, फोटो, दुवा. मग दोन-तीन महिने सीएसएस, त्यात फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड नीट. जावास्क्रिप्ट लागेल तेवढीच, नंतर. एमडीएन हे संदर्भस्थळ फुकट आहे आणि मी अजूनही रोज उघडते. आराखडे काढायला फिग्मा चांगलं, पण माझा पहिला आराखडा आजही कागदावर पेन्सिलने असतो, फोनच्या आकाराचा.

एक सराव आवर्जून करा. स्वतःचा एक फोटो घ्या आणि फक्त त्या एका फोटोचं पान करा. फोटो, नाव, दोन ओळी, फोन नंबर. तयार झालं की रोज त्यातली एक गोष्ट काढून टाका: सावली, चौकट, रेघ, जास्तीचा रंग. ज्या दिवशी काढल्यावर पान लंगडं वाटेल, त्या दिवशी ती गोष्ट परत ठेवा आणि थांबा. दुसरा सराव तुम्हाला आधीच येतो. फोटोतला उजेड पाहायला आपण डोळे किलकिले करतो, तसेच पानाकडे करून पाहा. पहिलं काय दिसतं? ज्यासाठी माणूस आला तेच दिसत नसेल, तर मांडणी चुकली. बटणं बोटाच्या पेराएवढी ठेवा. ॲपल निदान 44 आणि गुगल 48 एककांचं माप सांगते. पाच पानांची साइट असेल तर मेनू तीन रेघांच्या खुणेमागे लपवू नका. पाच शब्द उघडे लिहायला जागा नेहमी असते.

प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्यायचा असतो, ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी आणि फोटो उतरला नाही त्या वेळेसाठी. हे काम फोटोग्राफरइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही, कारण फोटोत काय आहे ते त्याला माहीत असतं. ‘फोटो 3’ असं लिहू नका. ‘दोन कड्यांचं मठारलेलं तांब्याचं घंगाळ’ असं लिहा.

गिऱ्हाइकाबरोबरचं काम हा वेगळाच अभ्यास. ‘एवढी जागा रिकामी का?’ हा प्रश्न येणारच आणि त्यात त्याची चूक नाही. पेपरातल्या जाहिरातीत त्याने इंचाइंचाचे पैसे मोजलेले असतात. त्याला सौंदर्यशास्त्र सांगायला जाऊ नका. विचारा, ‘आलेल्या माणसाने पहिलं काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ काका म्हणाले, ‘‘फोन करावा, आणि यायचं असेल तर दुपारी एक ते चार सोडून यावं.’’ झालं, साइट ठरली. त्या दोन गोष्टी सगळ्यात ठळक, बाकी सगळं त्यांच्या मागे. एकदा हे त्यांच्या तोंडून आलं की रिकाम्या जागेवर त्यांनी परत बोट ठेवलं नाही.

डिझाइन सुरू करण्याआधी मजकूर हातात घ्या, तोही शेवटचा. खोट्या मजकुरावर केलेली मांडणी खऱ्या मजकुराने फुटते, कारण मराठी नावं लांब असतात. पैसे तीन हप्त्यांत घ्या आणि किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहून ठेवा. डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर घ्या. ते दरवर्षी कधी भरायचं ती तारीख त्याच्या कॅलेंडरवर स्वतः लिहून या. फोटोंचा हक्कही स्पष्ट करा. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तेच फोटो तुमच्या स्वतःच्या साइटवर लावायचे असतील, तर तसं करारात हवं. लग्नाच्या फोटोंना तर कुटुंबाची परवानगी विचारल्याशिवाय हात लावू नका, कायदा काहीही म्हणो.

स्वतःच्या साइटवर किती फोटो ठेवायचे? मी बारा ठेवले आहेत. तीनशे होते. उतरवताना प्रत्येकाची आठवण येत होती, पण तो फोटो काढताना किती त्रास झाला हे पाहणाऱ्याला दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. तीस निवडणं सोपं गेलं, तीसचे बारा करायला एक दिवाळी गेली. मदत हवी असेल तर फोटोग्राफी न करणाऱ्या एखाद्याला बसवा आणि एकेक फोटो तीन सेकंद दाखवा. दुसऱ्या दिवशी त्याला आठवतात ते ठेवा.

काकांची साइट मी पुन्हा केली. एक पान, तीन फोटो, फोन, वेळ, नकाशाचा दुवा. सगळं मिळून अर्धा एमबीसुद्धा नाही. तेव्हापासून काम देण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या दुकानात, त्याच्याच फोनवर, त्याच्या हातात साइट उघडून पाहते. ही नवी साइट दाखवली त्या दिवशी काकांनी अंगठ्याने पान वर सरकवलं, घंगाळापाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘फोनवर सगळे एकच विचारतात, किती लिटरचं. ते लिहा ना.’’ त्या फोटोखाली मी ‘परंपरेचा झळाळता वारसा’ असं लिहिलं होतं. तिथेच बसून ते काढलं आणि ‘साधारण 12 लिटर’ असं लिहिलं.